पितळेचा पत्रा ठोकताना या चुका टाळा

पितळेचं हातकाम शिकायला निघालेल्या माणसाचा फोन येतो तो बहुतेक एकच सांगायला: "काका, पत्रा फाटला." मग तो दुकानदाराला नावं ठेवतो, हातोडीला ठेवतो आणि शेवटी स्वतःच्या हाताला. हाताचा दोष त्यात फारच थोडा असतो. काम बिघडतं ते हातोडी उचलायच्या आधी, नाहीतर खाली ठेवल्यानंतर.

रंग बघून पत्रा घेणं

लोटा, खोल वाटी, फुलदाणी असं काहीही थंड ठोकून खोल काढायचं असेल तर 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेलं पितळ लागतं. याचंच नाव कार्ट्रिज ब्रास. काडतुसाची पुंगळी याच पितळेच्या चकतीतून टप्प्याटप्प्याने ओढून काढतात, इतकं ते ताण सोसतं. जस्त 40 टक्क्यांच्या घरात गेलं की ते पितळ तापवून घडवायला उत्तम, पण थंड ठोकलं की लवकर तडकतं. लेथवर काम करायच्या सळईत तर मुद्दाम शिसं घातलेलं असतं. तिला हातोडी लावायचीच नाही. अडचण अशी की घासूनपुसून ठेवल्यावर तिन्ही पिवळीधमक दिसतात आणि नवशिका "मस्त सोनेरी आहे" म्हणून पैसे मोजून मोकळा होतो.

70-30 चा पत्रा हातभर कापून द्यायला सहसा कोणी तयार नसतं. नाशिकच्या भांडी बाजारात ओळख काढा, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची उरलेली कापं कोण विकतं ते विचारा, आणि कुठूनही घेतलात तरी आधी बोटभर रुंदीची पट्टी मागून घ्या. ती घरी नेऊन मंद लाल करा, निवू द्या, दुमडा आणि लाकडी मोगरीने घडी पार चपटी करा. घडीवर तडा आला नाही तर पत्रा कामाचा. भोक पाडूनही बघता येतं: कीस लांब, वेटोळ्यांचा निघाला तर बरं, बारीक चुरा पडला तर शिसं आहे असं समजा. चुंबक चिकटला तर ते मुलामा दिलेलं लोखंड. जाडीबद्दल शंका असेल तर वजन करा. 20 गेजचा पत्रा सुमारे 0.91 मिलिमीटर जाड असतो आणि त्याचा एक चौरस फूट सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास भरतो. सहाशे भरला तर दुकानदाराने गेज चुकीचं सांगितलंय.

पट्टी द्यायला जो दुकानदार कां-कूं करतो त्याच्याकडून मी पत्रा घेत नाही. भाव कितीही कमी असो.

मोडीतली जुनी भांडी हा दुसरा रस्ता, आणि खरं सांगायचं तर माझा आवडता. मात्र समई, नळाची तोटी, दाराची कडी या ओतीव वस्तू. त्या ठोकायच्या नाहीत. पत्र्यातून घडवलेलं भांडं हवं. त्यातही स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, असते. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं. ते अंगावर तसंच ठेवून भांडं लाल केलं की कथील पितळेत शिरतं, तिथे खड्डे पडतात आणि पत्रा ठिसूळ होतो. जुन्या डाखाचा, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा, एखादा थेंबही हेच करतो. कल्हई खरवडत बसायचा मला कंटाळा, म्हणून मी पितळी घंगाळ शोधतो. आंघोळीच्या पाण्याला कल्हई कोण करतं?

उन्हात ताव देणं

ठोकता ठोकता पितळ कडक होतं. त्याला ताव देऊन परत नरम करावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण किती तापवायचं हे रंगावरून ठरतं आणि लोक गॅसची टॉर्च घेऊन भर दुपारी अंगणात बसतात. उजेडात मंद लाली दिसतच नाही. दिसेपर्यंत पत्रा कितीतरी जास्त तापलेला असतो. जास्त तापलं की आतले कण मोठे होतात आणि पुढच्या ठोक्यांना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. ती खडबड घासून जाते, पण पत्रा पातळ होतो आणि वेळ जातो तो वेगळाच. त्याहून जास्त तापवलंत तर जस्त उडायला लागतं. पांढरा धूर दिसला तर ज्योत बाजूला करा आणि तिथून उठा. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

मी संध्याकाळी, दिवा न लावता, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून ताव देतो. ज्योत एका जागी धरत नाही, फिरवत राहतो, आणि लालीची पहिली झाक दिसली की काढून घेतो. नंतर पाण्यात बुडवा नाहीतर तसंच निवू द्या, 70-30 पितळेला फरक पडत नाही. पोलादासारखं ते पाण्याने कडक होत नाही, त्यामुळे या मुद्द्यावर वाद घालू नका.

आणि लोहारकामातून आलेल्यांनो, लाल असताना घाव घालायची सवय इथे सोडा. हे पितळ थंड ठोकायचं असतं. शिशाचा अंश असेल तर लाल असताना पहिल्याच घावाला ते भुसभुशीत तुटतं. परत ताव कधी द्यायचा हे आवाज सांगतो: ठोका बसल्यावर भांडं खणखणायला लागलं आणि हातोडी उसळायला लागली की थांबा. "एवढी एक फेरी मारून घेतो" म्हणणाऱ्यांची भांडी काठावर फाटतात. एका बैठकीत लोटा होत नाही. व्हिडिओत होतो, कारण ताव द्यायचा भाग कापलेला असतो.

काम संपलं म्हणून तसंच ठेवून देणं

ही चूक सर्वांत महागात पडते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

सिन्नरकडचा एक मुलगा, हात सुरेख, घाई जबरदस्त. बहिणीच्या लग्नात द्यायला लोटे करत होता. शेवटच्या फेऱ्या ताव न देता मारल्या, म्हणजे भांडं टणक राहतं, पोचे पडत नाहीत. इथपर्यंत बरोबर. पावसाच्या तोंडावर त्याने ते पॉलिश केले, गोणपाटात गुंडाळले आणि गोठ्यावरच्या माळ्यावर ठेवले. दसऱ्यानंतर काढले तर गळ्यापासून खाली उभ्या चिरा. कोणी हात लावला नव्हता, काही पडलं नव्हतं. पोरगा दुकानदाराशी भांडायला निघाला होता. मी एका लोट्याचा काठ आरीने कापला, तर कापताक्षणी काप फाकला. ताण इतका आत कोंडलेला होता. पत्रा उत्तम होता.

ब्रिटिश अमदानीत लष्कराला हाच अनुभव आला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि ओढून काढलेल्या पितळेत राहिलेला ताण, हे तीन एकत्र आले की पितळ चिरतं. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याची कारणमीमांसा मांडली. गोठा आणि तबेला यांत पितळेच्या दृष्टीने फरक नाही.

उपाय सोपा आहे. शेवटचा ठोका मारून झाला की भांडं 250 अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं. ताण निघून जातो, टणकपणा जवळजवळ तसाच राहतो. साध्या ओव्हनचा काटा तिथवर जातो. घरच्यांचा ओरडा नको म्हणून मी जुना ओव्हन वेगळा ठेवलाय. पॉलिश त्यानंतर. तुमचा लोटा कल्हईला दिलात तर परत आल्यावर भरपूर पाण्याने धुवा, कल्हई करताना वापरतात त्या नवसागरातून अमोनियाच निघतो. काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रावणाने पितळ पुसणाऱ्यांना काय सांगावं?

बाकीचं थोडक्यात

ताव दिल्यावर काळपटपणा काढायच्या पातळ गंधकाम्लात लोखंडी चिमटा घालू नका, भांड्यावर तांबूस थर चढतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चिंचेत किंवा लिंबू-मिठात रात्रभर भिजवलं की वरचं जस्त निघून गुलाबी डाग पडतात. दहा मिनिटं पुरे. हातोडीच्या तोंडावर जेवढे ओरखडे, तेवढे भांड्यावर उमटतात. आधी ती घासा. बंद पोकळ वस्तूला भोक पाडल्याशिवाय ताव देऊ नका, आत पाण्याचा थेंब असला तरी स्फोट होतो.

शेवटचं, कारण आपलं नाशिक तोफखान्याचं शहर आहे. मोडीच्या ढिगात काडतूस किंवा गोळ्याची पुंगळी दिसली आणि "काका, हे तर अस्सल 70-30" असं वाटलं, तरी हात लावू नका. रिकामी आहे की नाही हे बघून कळत नाही, आणि ती घरात सापडली तर कायद्याला उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. दुकानदाराला बाजूला व्हायला सांगा आणि पोलिसांना कळवा.