तुसाची राख आणि कार्डानॉल घालून रबर कंपाउंड: १ किलो रबराची बॅच

भाताच्या तुसाची राख म्हणजे मुख्यत्वे सिलिका. नीट जळलेल्या राखेत ती ८५ ते ९५ टक्के असते. तरी तिला कार्बन ब्लॅकच्या (रबराला ताकद देणाऱ्या काजळीच्या) जागी घालू नका. कण भरड असल्याने कडकपणा वाढतो, पण ताणशक्ती वाढत नाही, जास्त राखेने घटतेच. खडूची पावडर किंवा चायना क्ले जिथे घालता, तिथे ही राख शोभते: पायपुसणी, दाराचे बफर, मशीनखालचे पॅड.

नैसर्गिक रबर १ किलो, राख २५० ग्रॅम, झिंक ऑक्साईड ५०, कार्डानॉल (काजूच्या टरफलांच्या तेलातून मिळणारं) ४०, गंधक २५, स्टिअरिक अ‍ॅसिड २०, डायएथिलीन ग्लायकॉल १२, टीक्यू (रबर जुनं होण्यापासून वाचवणारं) १०, सीबीएस (गंधकाचं काम वेगाने करवणारं) १०.

ग्लायकॉल वगळू नका. सिलिकेचा पृष्ठभाग सीबीएस शोषून घेतो आणि क्युअर (उष्णतेने गंधकासह रबर पक्कं होणं) लांबतो. ग्लायकॉल आधी तिथे चिकटतं, सीबीएस मोकळं राहतं.

भातगिरणीच्या बॉयलरची राख बहुधा काळी असते, कारण तुसातला सगळा कार्बन जळलेला नसतो. काळ्या मालाला ती चालते. फार तापलेल्या राखेतली सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चाळताना एन-९५ मास्क हवाच. ३२५ मेशच्या फार बारीक चाळणीने चाळा. वर राहिलेला चुरा टाकून द्या. तोच एक खडा पुढे पॅड फाटायला सुरुवात करून देतो.

मुंबईच्या दमट हवेत माल ओलाव्याने बिघडतो. राख पातळ थरात पसरून १०५ अंश सेल्सिअसवर ३ तास वाळवा आणि गरम असतानाच मिलवर (रबर मळणाऱ्या दोन रोलांच्या यंत्रावर) न्या. पावसाळ्यात रात्रभर उघडी राहिलेली राख पुन्हा वाळवावी लागते. तिच्यातल्या पाण्याची साच्यात वाफ होते, प्रेस उघडताच दाब सुटतो आणि पॅड आतून फुगतो. तो कापला की स्पंजासारखी भोकं दिसतात. असा माल पाहून गंधक वाढवण्याची चूक करू नका, राख तपासा.

काजूच्या टरफलांचं कच्चं तेल हातांवर फोड आणतं. ऊर्ध्वपातित कार्डानॉलच घ्या, तेही हातमोजे घालून. ते रबर मऊ करतं आणि राख मिसळायला मदत करतं. मात्र फार जास्त घातलंत तर क्युअर मंदावतो. रंग तपकिरी येतो, पांढऱ्या मालाला ते घालू नका.

रोल ७० अंशांखाली ठेवून रबर आधी चांगलं मळा. पट्टा गुळगुळीत बसला की झिंक ऑक्साईड, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि टीक्यू द्या. मग राख चार हप्त्यांत, प्रत्येक हप्त्यासोबत थोडं कार्डानॉल आणि ग्लायकॉल. खाली सांडलेली राख झाडून परत घाला, नाहीतर वजनाचा हिशेब चुकतो. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी छाट मारत (कापून दुमडत) राहा. शीट थंड झाल्यावर सीबीएस आणि शेवटी गंधक. रोल गरम असतील तर मिलवरच स्कॉर्च होतं, म्हणजे वेळेआधीच क्युअर सुरू होतो.

शीट २४ तास ठेवा, मग १५० अंशांवर रिओमीटरवर (क्युअर मोजणाऱ्या यंत्रावर) टी-९०, म्हणजे ९० टक्के क्युअरला लागणारा वेळ, काढा. जाड पॅडच्या गाभ्यापर्यंत उष्णता उशिरा पोहोचते, त्याला प्रेसमध्ये टी-९० पेक्षा जास्त वेळ द्या.

त्याच दिवशी राखेऐवजी २५० ग्रॅम चायना क्ले घालून दुसरी बॅच करा. दोन्हींची शोअर-ए हार्डनेस (रबराचा कडकपणा) आणि ताणशक्ती मोजा, मग नमुने ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ७ दिवस ठेवून पुन्हा मोजा.