ड्रायव्हर कोडमधल्या ‘स्ट्रिंग कॉपी’च्या वॉर्निंग कशा सोडवाव्यात?

लिनक्स कर्नलमधला एखादा जुना ड्रायव्हर नव्या जीसीसी कंपायलरने, जादा वॉर्निंग चालू करून बिल्ड करायला घेतला की ‘स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन’ ही वॉर्निंग हमखास भेटते. २०१८ साली आलेल्या जीसीसी ८ पासून ती कंपायलरमध्ये आहे आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा ‘स्ट्र-एन-कॉपी’ हे ठरावीक मर्यादेपर्यंत स्ट्रिंग कॉपी करणारं एकच फंक्शन असतं. संदेशाचा मथितार्थ असा: कॉपीची मर्यादा १६, डेस्टिनेशनचा, म्हणजे जिथे कॉपी होते त्या जागेचा, आकारही १६, मग शेवटच्या नलला जागा उरेल कशी? नल म्हणजे ‘स्ट्रिंग इथे संपली’ हे सांगणारा शून्य बाइट.

ही वॉर्निंग घालवणं सोपं आहे. कॉपीनंतर लगेचच्या ओळीत शेवटच्या बाइटमध्ये नल ठेवला की जीसीसी गप्प बसतं. पण नीट चालणारा ड्रायव्हर नेमक्या याच दुरुस्तीने बिघडू शकतो. कसा, ते पुढे येईलच. म्हणून घाई न करता या क्रमाने जा.

पायरी १ : वॉर्निंग नीट वाचा

कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये ही वॉर्निंग दिसत नाही. ‘मेक’ला ‘डब्ल्यू=१’ हा पर्याय द्या आणि पूर्ण कर्नल न करता फक्त आपल्या ड्रायव्हरची ऑब्जेक्ट फाइल बिल्ड करा. वॉर्निंग एखाद्या हेडर फाइलकडे बोट दाखवत असेल तर गोंधळू नका. फंक्शन इनलाइन झालेलं असतं, म्हणजे कंपायलरने त्याचा कोड थेट बोलावणाऱ्या जागी घातलेला असतो. मूळ ओळ कोणत्या फंक्शनमधून आली, तेही त्याच संदेशात दिलेलं असतं.

इथेच एक फरक लक्षात घ्या. मर्यादा डेस्टिनेशनच्या आकाराएवढी आहे अशी तक्रार असेल तर कोड चूक असेल किंवा बरोबरही असेल. पण मर्यादा सोर्सच्या लांबीवरून काढली आहे, म्हणजे लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्र-लेन’चं उत्तर तिथे दिलं आहे, अशी तक्रार असेल तर ती जवळपास नेहमीच खरी चूक असते. येणारे किती ते मोजलं, खोलीत मावतात किती ते पाहिलंच नाही! ही चूक आधी सोडवा.

पायरी २ : ते फील्ड कोण वाचतं, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डेस्टिनेशनचं नाव घेऊन कोडभर शोध घ्या आणि ते फील्ड पुढे कुठे वाचलं जातं ते पाहा. साधारण ३ प्रकार सापडतात.

पहिला प्रकार खऱ्या स्ट्रिंगचा. ती लॉगमध्ये छापली जाते, तिची तुलना होते, तिची लांबी मोजली जाते. नेटवर्क इंटरफेसचं नाव घ्या: त्याची जागा १६ बाइटची, त्यात नल धरलेला, म्हणून नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. अशा फील्डमध्ये नल नसेल तर वाचणारं फंक्शन शेजारच्या मेमरीत शिरतं.

दुसरा प्रकार ठरावीक रुंदीच्या फील्डचा. स्कझी ही डिस्कसारखी उपकरणं जोडण्याची पद्धत. स्कझी डिव्हाइस ‘तू कोण?’ या ‘इन्क्वायरी’ प्रश्नाला जे उत्तर देतं, त्यात उत्पादकाचं नाव ८ बाइट, उत्पादनाचं १६ आणि आवृत्तीचा क्रमांक ४ बाइट असतो. उरलेली जागा स्पेसने भरायची असते आणि नलला तिथे स्थान नाही. आता कुणी वॉर्निंग घालवायला शेवटी नल ठेवला, तर ८ अक्षरी नावाचं शेवटचं अक्षर गेलं आणि त्या जागी शून्य आला. कंपायलर खूश, पण समोरच्या यंत्रणेला आपलं डिव्हाइस ओळखू येत नाही.

तिसरा प्रकार लांबी वेगळी ठेवलेल्या बाइट्सचा. वायफायचं एसएसआयडी, म्हणजे नेटवर्कचं नाव, हे याचं उदाहरण. ते ० ते ३२ बाइटचं असतं आणि त्यात शून्य बाइटही येऊ शकतो. त्याला स्ट्रिंग म्हणणंच चूक.

हा घोळ होण्यामागे इतिहास आहे. ‘स्ट्र-एन-कॉपी’ जुन्या युनिक्समधल्या डिरेक्टरीच्या नोंदींसाठी जन्माला आलं. तिथे फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट होते. नाव लहान असेल तर उरलेले बाइट शून्याने भरायचे आणि पूर्ण १४ असेल तर नल नाही. हे फंक्शन आजही तसंच वागतं. म्हणजे ते होतं दुसऱ्या प्रकारासाठी आणि लोक वापरत आले पहिल्यासाठी.

पायरी ३ : प्रकारानुसार फंक्शन निवडा

खरी स्ट्रिंग असेल तर ‘स्ट्र-एस-कॉपी’ वापरा. कर्नलमध्ये ते २०१५ पासून, म्हणजे ४.३ आवृत्तीपासून आहे. आकार शून्य नसेल तर ते नल ठेवतंच, आणि स्ट्रिंग मावली नाही तर ऋण एरर कोड परत करतं. तो कोड तपासा. लॉगपुरतं नाव कापलं गेलं तर चालेल, पण फर्मवेअर फाइलचं नाव कापलं जाणार असेल तर तिथेच थांबून एरर परत करणं योग्य. जुन्या कोडमध्ये ‘स्ट्र-एल-कॉपी’ दिसेल. ते सोर्स शेवटपर्यंत वाचतं, त्यामुळे सोर्सलाच नल नसेल तर भरकटतं. २०२४ च्या ६.८ आवृत्तीत ते कर्नलमधून काढून टाकलं गेलं.

आकार देताना ‘साइझऑफ’ (आकार सांगणारा ऑपरेटर) ॲरेवर लावा, नुसता पत्ता ठेवणाऱ्या पॉइंटरवर नको. ६४-बिट मशीनवर पॉइंटरचा आकार ८ येतो आणि नाव गुपचूप ७ अक्षरांवर कापलं जातं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘स्ट्र-एन-कॉपी’ उरलेली जागा शून्याने भरत होतं, ‘स्ट्र-एस-कॉपी’ भरत नाही. ते फील्ड ज्या स्ट्रक्चरमध्ये आहे ते पुढे यूझरस्पेसकडे, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामकडे, जाणार असेल आणि आधी शून्य केलेलं नसेल, तर कर्नलच्या मेमरीतले जुने बाइट सोबत बाहेर पडतील. वॉर्निंग सोडवताना आपण माहितीची गळती सुरू करून ठेवू. अशा ठिकाणी ‘स्ट्र-एस-कॉपी-पॅड’ घ्या. ते उरलेली जागा भरतं.

ठरावीक रुंदीच्या फील्डसाठी ‘स्ट्र-टू-मेम-पॅड’ आहे. उरलेली जागा कशाने भरायची, शून्याने की स्पेसने, ते त्याला सांगता येतं. शिवाय फील्डच्या घोषणेला ‘नॉनस्ट्रिंग’ ॲट्रिब्यूट लावा. त्यामुळे इथे नल नसणं मुद्दाम आहे हे कंपायलरलाही कळतं आणि पुढे कोड वाचणाऱ्या माणसालाही. असं फील्ड छापताना फॉरमॅटमध्ये रुंदीची मर्यादा घालायला विसरू नका.

लांबी वेगळी ठेवलेली असेल तर सांगितले तेवढे बाइट जसेच्या तसे उचलणारं ‘मेम-कॉपी’ वापरा, पण आधी लांबी तपासून. इतर ठिकाणी मात्र निव्वळ वॉर्निंग घालवायला ‘मेम-कॉपी’ टाकू नका. सोर्स लहान असेल तर ते त्याच्या पलीकडचे बाइटही उचलून आणतं.

पायरी ४ : काठावर तपासा

१६ बाइटच्या बफरला १५, १६ आणि १७ अक्षरांची नावं देऊन पाहा. रिकामं नावही द्या. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू असलेल्या कर्नलवर हेच पुन्हा करा. मेमरीच्या हद्दीबाहेरचं वाचन तिथे पकडलं जातं. डिव्हाइसकडे जाणारं फील्ड असेल तर बदलाच्या आधीचे आणि नंतरचे बाइट हेक्समध्ये छापून एकमेकांशी ताडून घ्या.

पॅच, म्हणजे आपला बदल, कर्नलच्या देखभाल करणाऱ्यांकडे पाठवताना ‘वॉर्निंग काढली’ एवढंच लिहू नका. फील्ड कोण वाचतं, नल लागतो का, उरलेली जागा भरणं गरजेचं आहे का आणि नसेल तर का नाही, हे कमिट मेसेजमध्ये लिहा. तपासणारा तेच विचारणार आहे.