लव्हाळा माजलेलं लॉन काढून गवताच्या नव्या लाद्या कशा बसवायच्या

घरापुढच्या लॉनमध्ये लव्हाळा, केना आणि गाजरगवत माजलं, की बरेच जण ते वरवर खरडतात आणि त्यावरच रोपवाटिकेतल्या गवताच्या तयार लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) अंथरतात. दोन-तीन आठवड्यांत लव्हाळ्याची टोकं त्याच लाद्या फोडून वर येतात. नवं लॉन टिकणार की नाही, हे लाद्या आणण्याआधीच्या दोन महिन्यांत ठरतं. त्या कामात विदर्भाचा उन्हाळा मोठी मदत करतो.

एप्रिलमध्ये जागेला एकदा भरपूर पाणी द्या आणि वाफसा येऊ द्या. कोरडी काळी माती टिकासलाही दाद देत नाही, ओली असेल तर फावड्याला चिकटते. वाफशावर 8 ते 9 इंच खोल खणून ढेकळं उलटी टाका. रोटाव्हेटर मात्र फिरवू नका. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि शेंड्याकडची गाठ बाकीच्यांना फुटू देत नाही. माळ तुटली की झोपलेल्या गाठीही फुटतात. हराळीच्या कांड्यांचंही तसंच होतं, प्रत्येक तुकड्याचं नवं रोप तयार होतं. म्हणून गाठी आणि कांड्या हातानेच वेचा. त्या उकिरड्यावर टाकल्या तर शेणखताबरोबर परत येतील आणि धुऱ्यावर टाकल्या तर वावरात जातील. कडक उन्हात पूर्ण वाळवून जाळणंच बरं.

ढेकळं तशीच तापू द्या. मेच्या मध्यावर पुन्हा एक पाणी द्या. आठ-दहा दिवसांत उरलेल्या गाठी फुटतील, तेव्हा पुन्हा खणून वेचा आणि नवतपाभर (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) जमीन कोरडी ठेवा. गाठी मरतात त्या वाळल्याने, त्यामुळे या काळात शिंतोडाही नको. ग्लायफोसेट हे तणनाशक हिरव्या, वाढत्या पानांतूनच आत शिरतं. न फुटलेल्या गाठींपर्यंत ते पोचत नाही, त्यामुळे नुसत्या फवारणीवर विसंबू नका.

मृगाचा पाऊस लागण्याआधी जमीन बांधून घ्या. दर 100 चौरस फुटांना पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखताचा अर्धा इंच थर (साधारण 4 घनफूट) आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट वरच्या 4 इंचांत मिसळा. कच्चं शेणखत म्हणजे तणाचं बी. चोपणाऱ्या मातीत दोन-चार घमेली रेती मिसळून निचरा सुधारत नाही, त्यासाठी उतार लागतो. घरापासून बाहेरच्या बाजूला 10 फुटांना दीड ते दोन इंच उतार ठेवा. भिजवा, बसू द्या, खड्डे भरा, पुन्हा भिजवा. काळी माती फुगते आणि आकसते, घाई केली तर लॉन लाटांसारखं होतं. मातीची पातळी पायवाटेपेक्षा एक इंच खाली हवी, तेवढी जाडी लादीची असते.

दिवसभर ऊन असेल तर हराळीच्या निवडक जातीचं लॉन घ्या. अर्धवट सावलीत झोयसिया गवत तग धरतं, पण दाट कडुनिंबाखाली कुठलंच लॉन लावू नका. लाद्या मापापेक्षा 5 ते 10 टक्के जास्त मागवा. उतरवून घेण्याआधी चार-पाच लाद्या उलट्या करून पाहा. मुळांत काळपट, टणक गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवा. दोन महिन्यांचं काम एका खेपेने वाया जातं.

जूनच्या शेवटी, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, आणलेल्या दिवशीच लाद्या बसवा. तोवर सावलीत ओल्या पोत्यांखाली ठेवा. सरळ कडेपासून सुरुवात करा, प्रत्येक ओळीत सांधे हुकवा आणि कडा एकमेकींना घट्ट भिडवा. फटीत रेती व चाळलेलं खत भरा, नाहीतर उघाड पडताच काळी माती आकसून फट रुंदावते आणि कडा वाळतात. वरून हलका रोलर फिरवा, खाली पोकळी राहिली तर मुळं हवेत लटकतात.

लगेच पाणी द्या. 100 चौरस फुटांवर 1 इंच पाणी म्हणजे सुमारे 235 लिटर. पहिले दोन आठवडे पाऊस नसेल त्या दिवशी सकाळी पाणी द्या आणि कोपरा उचलून पाहा. खालची माती ओलसर हवी, चिखल नको. पाणी साचलं तर मुळं कुजतात. कोपरा उचलला जाईनासा झाला की मुळं धरली असं समजा. मग पाणी कमी वेळा, पण खोलवर द्या. पहिली कापणी गवत अडीच-तीन इंच झाल्यावर, एका वेळी एक तृतीयांशच. महिन्याने 100 चौरस फुटांना 75 ग्रॅम युरिया कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी द्या.

लव्हाळ्याचं एखादं पान वर आलंच, तर उपटू नका, वरचाच भाग तुटून येतो. खुरप्याने गाठीसकट काढा, तेही दोन-तीन आठवड्यांच्या आत. त्यापुढे तेच रोप खाली नव्या गाठी धरू लागतं.