अर्जांना उत्तरच येत नव्हतं, मग हे केलं

नकार आला तरी चालतो हो, पण काहीच न येणं जास्त डोक्यात जातं. मी आधी रेझ्युमेच्या पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघितला, आणि बघतो तर काय, ते दोन कॉलमचं देखणं टेम्प्लेट होतं ना, त्यातल्या ओळी एकमेकांत घुसलेल्या, कंपनीचं नाव स्किल्सच्या मधोमध आणि फोन नंबर पार तळाला! बऱ्याच ठिकाणी एटीएस नावाचं, आलेले अर्ज साठवून चाळणारं सॉफ्टवेअर मजकूर असाच उपसून घेतं, मग एचआरने सर्च मारला तरी आपण सापडणार कसे? सरळ एका कॉलमचा साधा रेझ्युमे केला. दिसायला अगदीच बोअर, पण असू दे.

मग शब्द बदलले. जाहिरातीत 'व्हेंडर पेमेंट्स' असेल आणि माझ्याकडे 'बिलांची कामं', तर त्यांचाच शब्द घेतला, अर्थात जे काम खरंच केलंय त्यालाच.

आठवड्याभराने, ज्या मेलने अर्ज पाठवला होता त्याच मेलवर दोन ओळींचा फॉलोअप, पदाचं नाव आणि जॉब आयडीसकट. 'काइंडली कन्सिडर' वगैरे काढूनच टाकलं. एकीकडून लगेच रिप्लाय आला, ती जागा भरलीये पण दुसऱ्या टीममध्ये एक आहे, उद्या बोलायला जमेल का?