खांदे बसले तर घ्या, बाकीचं घरी बघू

परदेशातल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या पँटचे पाय स्टेपलरने आत दुमडलेले होते. एकेका पायाला आठ-दहा पिना. दुपारपर्यंत त्यातल्या तीन पायमोज्यात रुतल्या आणि संध्याकाळी एक पाय सुटून बुटाखाली आला. त्या आठवड्यात मी सुई-दोरा आणला. आता पंधराएक वर्षं झाली. नवीन आलेलं कुणी ना कुणी तेव्हापासून पँट घेऊन माझ्याकडे येत असतं, म्हणून हे एकदा लिहून ठेवतो.

इथे शिंपी नसतो असं नाही. पण पाय आखूड करायची मजुरी ऐकली की नवीन पँटच घ्यावी असं वाटतं, आणि रेडिमेडचं माप धरताना तुमचा-माझा बांधा कुणाच्या डोळ्यासमोर नसतो. कंबर बसली तर पाय लोळतात, छाती बसली तर बाह्या बोटांवर येतात. तेव्हा खरेदी करतानाच पुढचं शिवणकाम डोक्यात हवं.

शिंप्याकडून शिवलेल्या कपड्यात आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, असते, बाजूच्या शिवणीत बहुतेकदा इंचभर तरी. अंग भरलं की टीप उसवायची आणि कपडा सोडायचा. कारखान्यातल्या शर्टात जेमतेम एक सेंटीमीटर शिल्लक असतं, तेही ओव्हरलॉक करून, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून काठावर दोऱ्याचं जाळं शिवून. म्हणून रेडिमेड कपडा आत घेता येतो, सोडता येत नाही. पुरुषांच्या फॉर्मल पँटचा तेवढा अपवाद: कमरेला मागच्या मधल्या शिवणीत बऱ्याचदा दोन-तीन सेंटीमीटर माया ठेवलेली असते. दुकानात पँट उलटी करून बघा, लाजू नका.

आता खांदा. तो हलवायचा म्हणजे बाही काढा, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, नव्याने कापा, बाही परत बसवा. कोटाला तर आत अस्तर आणि पॅड. घरी हे करू नये. म्हणून शर्ट, कुर्ता, कोट काहीही घ्या, पण खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. पोटाशी ढगळ असेल, लांब असेल, तर चालेल. पँट घेताना नितंब आणि मांड्या बघा. कंबर आणि लांबी नंतर करता येते. लेबलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे कपडे दोन मापांचे निघतात. तुम्हाला सगळ्यात छान बसणारा शर्ट पलंगावर सपाट पसरून छाती, खांदा, बाही मोजून ठेवा. ऑनलाइन घेताना ते आकडे कामाला येतात. टेप दोन्ही बाजूंचा घ्या, एकीकडे इंच, एकीकडे सेंटीमीटर. इथे कुठे काय छापलेलं असेल सांगता येत नाही. एक इंच म्हणजे 2.54 सेंटीमीटर.

आणलेल्या कपड्याला लगेच कात्री लावू नका. आधी धुवा, आणि पुढे जसा वाळवणार तसाच वाळवा. सुती कापड गरम ड्रायरमध्ये आटतं. मी एक पँट आधी बेतली, मग ड्रायरमध्ये टाकली. ती आता बागकामाला वापरतो.

पाय आखूड करताना नेहमीचे बूट घालून ताठ उभं राहायचं आणि पिना दुसऱ्याने लावायच्या. स्वतः खाली वाकलात की पँट वर चढते आणि माप चुकतं. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, खूप लोकांचे सारखे नसतात. खडूने खूण केलीत की तिच्याखाली चार सेंटीमीटर सोडून मगच कापा. आधी धावदोरा, म्हणजे लांब लांब कच्चे टाके, घाला, इस्त्री फिरवा, एकदा घालून बघा, मग हाताने तुरपई, म्हणजे बाहेरून न दिसणारे बारीक टाके. सुईने बाहेरच्या कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलायचा आणि दोरा ओढायचा नाही. ओढलात की बाहेरून खळगे दिसतात.

जीन्सची गंमत वेगळी. तिची खालची जाड, विटलेली किनार कापली की जीन्स नवखी दिसते. ती किनार राखता येते. समजा सहा सेंटीमीटर कमी करायचंय. पाय बाहेरच्या बाजूने वर दुमडा, मूळ किनारीच्या टिपेपासून घडीपर्यंत तीन सेंटीमीटर राहतील असा, किनार मोजायची नाही. मग किनारीला अगदी खेटून गोल टीप मारा आणि किनार खाली वळवा. आत गेलेलं कापड दुपदरी असल्यामुळे सहा सेंटीमीटर कमी होतात. जाडी जास्त वाटली तर आतली घडी कापून काठाला झिगझॅग, म्हणजे नागमोडी टीप. बाजूच्या शिवणीपाशी सहा-सात पदर एकत्र येतात, तिथे मोटर न वापरता हाताने चाक फिरवत जा.

मशीनकडे वळू. घरून मोटरचं मशीन आणायचा बेत असेल तर आधी व्होल्टेज बघा. काही देशांत वीज 220 ते 240 व्होल्ट असते, काहींत 100 ते 127. पिनांचा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. इस्त्रीचंही तेच: 230 व्होल्टची इस्त्री 120 वर लावली तर जेमतेम पाव ताकदीने तापते, कापड कोमट होतं, बस. उलटं केलंत तर इस्त्री जाते. मशीन इथेच जुनं घ्या. वरचा दोरा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या रिळाचा, दोरा एकमेकांत अडकवायची जी युक्ती एलियस हाऊने 1846 साली पेटंट केली, तीच आजच्या घरगुती मशीनमध्ये आहे, त्यामुळे तीस वर्षं जुनं लोखंडी मशीन कुठेच कमी पडत नाही. सरळ टीप, झिगझॅग आणि काज एवढं येत असलं की पुरे. शंभर नक्षीदार टाक्यांचं मशीन घेणाऱ्यांना मी त्यातले चारच वापरताना पाहिलंय. खाली शेजारी राहत असतील तर मशीनखाली जाड रबरी चटई घाला, आणि रात्री शिवू नका.

सुईच्या पाकिटावर दोन आकडे असतात, जसे 90/14. पहिला म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, 90 म्हणजे 0.9 मिलिमीटर जाड. पातळ कापडाला 70, शर्टाला 80, जीन्सला 100. टीशर्टासारख्या ताणाच्या कापडाला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई आणि बारीक झिगझॅग. सरळ टीप ताणली की तटकन तुटते.

कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं की सगळे बॉबिनला शिव्या घालतात. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. दाबाचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. पाय वर करा, पुन्हा पहिल्यापासून ओवा.

थंडीच्या जाकिटांना मात्र जपून. पावसाच्या जाकिटात शिवणींना आतून पट्टी चिकटवलेली असते. तुम्ही नवी टीप मारलीत की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत. पिसं भरलेल्या जाकिटाला सुईच लावू नका, भोकातून पिसं बाहेर येतात. फाटलं तर चिकटणारं ठिगळ लावा. चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही, तिथे टाचणीसुद्धा नको.

काहीही उसवण्याआधी आतून फोटो काढा, आणि एका वेळी एकच बाजू उसवा. दुसरी बाजू बघत बघत शिवता येतं. मी एका कोटाच्या दोन्ही बाह्या एकदम उसवल्या होत्या. बाहीचा पुढचा आणि मागचा गोल सारखा नसतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि डावी उजवीकडे गेली. तो कोट अजून आहे. हात मागे बांधून उभा राहिलो की झकास बसतो, पुढे केले की पाठीत ओढतो.