बारीक पिनांची पक्कड आणि माझे बुडालेले १,४०० रुपये

ज्याला सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर वापरता येतो, रिलिमेट (वायरी जोडायचा प्लास्टिकचा कनेक्टर) कशाला म्हणतात आणि बर्ग स्ट्रिप (बोर्डावरची पिनांची पट्टी) कशाला हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. तेवढं आयटीआयत होतं. वायरीच्या टोकाला कनेक्टरची पिन पकडीनं दाबून बसवायला, म्हणजे क्रिम्पिंग, मात्र मला तिथे कुणी शिकवलं नाही. त्याची फी मी बाहेर भरली.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. सुरुवात केली ती विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरपासून. पॅनेल बनवणारा एक जण रिकाम्या पेट्या द्यायचा. मी घरी बसून कार्ड (सर्किट बोर्ड) बसवायचो, सीटीच्या (करंट मोजणाऱ्या कॉइलच्या) आणि रिलेच्या वायरी जोडायचो आणि पेटीमागे पैसे घ्यायचो. कार्डावर सगळे जेएसटीचे एक्सएच कनेक्टर, २.५ मिमी अंतराचे. पहिल्या खेपेला २२ पेट्या दिल्या. पंधरा दिवसांत फोन सुरू झाले, तेही रात्री एक-दीडला, कारण थ्री फेज तेव्हाच यायची. "दादा, विहीर काठोकाठ हाय अन् तुमची पेटी ड्राय रन म्हणायली!"

ड्राय रन कार्डाला कसा कळतो ते तुम्हाला माहीत असेल: पाणी संपलं की मोटार हलकी फिरते, करंट उतरतो, कार्ड मोटार बंद करतं. पण सीटीची पिन सैल झाली तरी कार्डाला करंट शून्यच दिसतो. त्याला काय ठाऊक विहीर भरलीय की आटलीय? कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा मोठा स्विच) खट्टकन बसतो, पत्र्याची पेटी हादरते, पिन आणखी सैल होते. माझ्या टेबलावर याच २२ पेट्यांनी बीप दिला होता. तेव्हापासून मी मल्टिमीटरच्या बीपवर विश्वास ठेवत नाही. तार पिनेला नुसती टेकली तरी बीप वाजतो.

चूक कुठे झाली ते सांगतो. पहिली पक्कड ४५० रुपयांची, लाल-निळ्या-पिवळ्या खुणांची, थिंबल (जाड वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) दाबायची. ती या कामाची नाहीच, एका दिवसात कळलं. दुसरी ९५० ची, रॅचेटवाली, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी. तिच्यावर छापलं होतं २८ ते १८ एडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. माझी वायर २४ ची. म्हटलं, मधोमध बसतेय, आणखी काय पाहिजे?

इथेच थांबा आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. पकडीवर छापलेला नंबर तारेचा असतो, पिनेचा नसतो. एकाच २४ नंबरच्या तारेसाठी मोठी पिन असते, छोटी पिनही असते. पिनेला मागे कानांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तारेवर बसते, मागची प्लास्टिकवर. पकडीच्या एका जबड्यात दोन कमानी शेजारी शेजारी असतात. कान त्या कमानीवरून घसरत वर जातात, आत वळतात आणि टोकं खाली तारेत घुसतात. समोरून पाहिलं तर बदामासारखा आकार दिसायला पाहिजे. आता खाच पिनेपेक्षा रुंद असली तर काय होईल? कान कमानीला लागतच नाहीत. ते बाजूला कलंडतात आणि वरून दाब आला की आडवे पडतात. पिन चपटी होते, आणि चपटी झाली म्हणून आपल्याला वाटतं घट्ट बसली. खाच अरुंद असली तर उलट होतं, पिन केळ्यासारखी वाकते. तिसरा प्रकार म्हणजे जबडा जाड असणं. तो कानांबरोबर पिनेच्या पुढच्या डबीची (समोरची पिन जिच्यात शिरते तिची) मानही चेपतो, हाउसिंगमध्ये (कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात) अडकणारी बारीक जीभ वाकते, आणि पिन आत ढकलली की मागून हळूच बाहेर येते. माझ्या २२ पेट्यांत पहिला आणि तिसरा असे दोन्ही प्रकार होते.

हे मला कुठल्या इंजिनिअरनं सांगितलं नाही. ओळखीच्या एकाबरोबर संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका छोट्या हार्नेस (वायरींचे जुडगे बनवणाऱ्या) वर्कशॉपात गेलो होतो. तिथे रीळावरच्या पिना प्रेसमध्ये खटाखट दाबल्या जातात, आणि दाबलेल्या पिनेची उंची मायक्रोमीटरनं मोजतात. प्रेसवर एक मावशी बसल्या होत्या. माझी पिन त्यांनी डोळ्याजवळ नेली, एकदाच पाहिली. "लेकरा, कान आत वळायला पायजेत. हे तर आडवे पडलेत. मुंगीवर पाय दिल्यावानी." मग स्वतःची एक पिन माझ्या हातावर ठेवली. दोन्ही शेजारी धरल्या आणि मला घाम फुटला. गुरू करायचा तर असा करा, ज्याच्या हाताखालून दिवसाला हजारो पिना जातात.

उलट आमचे एक उस्ताद होते. माणूस चांगला, पण प्रत्येक दुखण्यावर त्यांचं औषध एकच, "सोल्डर मार." मी मारलं. सोल्डर तारेच्या पेडांतून प्लास्टिकखाली चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्यानं तार तुटते. पुढे डबीत सोल्डर उतरलं तर पिन कचऱ्यात. आधी तारेला कथील लावून मग दाबणं हाही तसलाच प्रकार, कारण कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते. जेएसटी म्हणजे जपान सोल्डरलेस टर्मिनल. नावातच सोल्डरलेस आहे हो! आणि आम्ही सोल्डरिंग आयर्न तापवून बसलेलो.

आता घ्यायचं काय? कंपनीची अस्सल पक्कड, एक्सएचसाठी डब्ल्यूसी-११०, शेकडो डॉलरची आहे. ती विसरा. एक्सएचसाठी आणि ड्युपाँटच्या (बर्ग स्ट्रिपवर बसणाऱ्या) २.५४ मिमीच्या पिनांसाठी एसएन-२५४९ नावाची रॅचेटवाली मी दोनेक हजारांत घेतली, आजही तीच वापरतो. जेएसटीच्याच २ मिमीच्या पीएच पिना असतील तर जपानच्या 'इंजिनिअर' नावाच्या कंपनीची पीए-०९ बघा. तिला रॅचेट नाही, दाबाचा अंदाज हातालाच यावा लागतो, आणि ती महागही आहे. पण तिच्या खाचांवर तारेचा नंबर नाही, मिलिमीटर आहेत: १.०, १.४, १.६, १.९. व्हर्नियरनं पिनेची कानांपाशी रुंदी मोजायची आणि खाच निवडायची. जबडा पातळ असल्यानं तार आधी, प्लास्टिक नंतर, असं दोनदा दाबता येतं. हीच पक्कड मला पहिल्या दिवशी कुणी दाखवली असती तर रुंदीची गोष्ट आपोआप कळली असती.

आणि महिन्याला पन्नासच पिना लागत असतील तर पक्कड घेऊच नका. पिना दाबलेल्या तयार वायरी मिळतात, त्या आणा आणि हाउसिंगमध्ये खोचा. यात कमीपणा काही नाही. स्वतः दाबलं तरच खरा कारागीर, असं सांगणारे लोक तुमच्या पेट्या दुरुस्त करायला रात्री शेतात येत नाहीत.

दुकानात जाताना खिशात तुमची पिन आणि तुमची वायर ठेवा. आपल्या भागातून देवगिरी एक्सप्रेस एका दिशेला मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे नेते, दुसऱ्या दिशेला सिकंदराबादला. तिथून हैदराबादच्या कोटी भागातली गुजराती गल्ली, तीही इलेक्ट्रॉनिक्सचीच, लांब नाही. काउंटरवरच दोन पिना दाबून बघा आणि मग पैसे द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. ऑनलाइन मागवलं तर ही सोय नाही, आणि तिथलं वर्णन बहुतेक वेळा एकमेकांचं उतरवलेलं असतं.

वायरीचंही बघा. आपल्याकडे वायर ७/३६, १४/३६ अशी मागतात, म्हणजे ३६ गेजच्या ७ तारा किंवा १४ तारा. ७/३६ म्हणजे साधारण ०.२ चौरस मिमी, २४ एडब्ल्यूजीच्या जवळ. एक्सएचला ती छान बसते. १४/३६ ची ०.४ च्या वर जाते, आणि एक्सएचची पिन ०.३३ पर्यंतचीच. "जाड घातली म्हणजे मजबूत" हे इथे चालत नाही.

पहिल्या वीस-तीस पिना वायाच जाणार. माझ्या तर शंभरावर गेल्या, तेव्हा हात बसला. घाबरू नका, पिन स्वस्त आहे. प्रत्येक नव्या रिळाच्या तीन-चार पिना ओढून तपासा. मी ७/३६ ला दोन लिटरची भरलेली बाटली टांगतो. तार सुटून आली तर पक्कड किंवा हात, दोन्हीपैकी एक चुकतंय.

४५० वाली पक्कड अजून आहे, फवारणी पंपाच्या बॅटरीच्या थिंबलांना चालते. ९५० वालीत रिलिमेटच्या पिना बऱ्या बसतात, म्हणजे सगळेच पैसे बुडाले असंही नाही. पेट्या मात्र मी फुकट बदलून दिल्या. मोटारसायकलवर, शेतोशेती, २१ पेट्या. बाविसाव्या मालकाला फोन केला तर म्हणाला, "राहू द्या दादा. म्या कनेक्टरात उदबत्तीची काडी खोचलीय. दोन महिने झाले, मस्त चालायली."