जुन्या टायरची पारख कशी करावी

कोल्हापुरात शहरातली बहुतेक कामे दुचाकीवर उरकतात आणि चारचाकी दारात उभी राहते. रविवारी जोतिबा किंवा पन्हाळा, लग्नसराईत एखादे गाव आणि वर्षातून एकदा घाट उतरून कोकण, एवढाच तिचा प्रवास असल्यामुळे सात-आठ वर्षे झाली तरी टायरची नक्षी ठळक दिसते आणि मालक समाधानाने म्हणतो की अजून दोन वर्षे सहज निघतील. टायर गोटा झाला की तो बदलायचा हे सर्वांनाच कळते. परंतु कमी चाललेल्या गाडीचा टायर झिजून नव्हे, तर वयाने निकामी होतो, आणि ते नक्षीकडे पाहून समजत नाही. म्हणून पारख करताना आधी वय, मग बाजूची भिंत आणि त्यानंतर नक्षी, असा क्रम ठेवावा.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ उमटवलेली असते. तिच्या शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तयार झाला. ही तारीख अनेकदा एकाच बाजूस असते आणि नेमकी तीच बाजू गाडीच्या आत आलेली असू शकते. अशा वेळी पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावे, मागच्या चाकांसाठी मोबाइल आत धरून फोटो काढावा. एखाद्याने जपून ठेवलेल्या जुन्या फियाटच्या टायरवर तीनच आकडे आढळले, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे एवढे ओळखून तो केवळ शोभेसाठी ठेवावा. नवा टायर घेतानाही हे आकडे दुकानातच वाचावेत. मी एकदा न वाचता घेतला आणि घरी आल्यावर तो दोन वर्षांपूर्वीचा निघाला. पावतीवर मात्र त्या दिवसाची तारीख होती.

पाच वर्षे उलटल्यावर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, तो काढून टाकावा, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. महामार्गावर वेगाने जाणाऱ्या किंवा घाट उतरणाऱ्या गाडीसाठी मला दुसरी मर्यादा अधिक योग्य वाटते.

हवेतील प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होते. त्यापासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात पाहण्यात येणारी एक चूक येथे सांगण्याजोगी आहे: जादा टायर कारखान्यात वेल्डिंग मशीनच्या किंवा मोठ्या विजेच्या मोटरच्या शेजारी ठेवला जातो, आणि तिथल्या विजेच्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो.

वयाचा परिणाम बाजूच्या भिंतीवर दिसतो. गाडी धुऊन, टायर पूर्ण वाळल्यावर, उन्हात किंवा बॅटरीच्या तिरप्या उजेडात भिंत आणि नक्षीच्या खाचांचे तळ पाहावेत. काळे पॉलिश लावलेले असेल तर आधी साबणाने काढावे, कारण बारीक भेगा त्याखाली सहज दडतात. जुने टायर विकणारे ते का लावतात, हे यावरून समजावे. केसासारख्या उथळ रेषा वयाची खूण असतात आणि त्यांवर नजर ठेवली तरी चालते. परंतु भेग अंगठ्याने दाबल्यावर उघडत असेल, नख अडकण्याइतकी खोल असेल, किंवा आतले धागे अथवा तार दिसत असेल, तर टायर बदलण्याखेरीज उपाय नाही. भिंतीवर आलेला फुगाही तसाच समजावा. खड्ड्यात चाक आदळून आतले धागे तुटलेले असतात, फक्त रबराने हवा धरलेली असते, आणि त्यावर कोणतीही दुरुस्ती होत नाही.

ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला जुने टायर वर्षानुवर्षे चालतात, मग मोटारीला का चालू नयेत, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. बैलाच्या चालीने टायर तापत नाही, हे त्याचे उत्तर आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाताना मात्र टायर प्रत्येक फेरीला दबून तापतो, हवा कमी असेल तर अधिकच तापतो, आणि म्हातारे रबर आतल्या तारेच्या पट्ट्यांपासून सुटू लागते. सरळ रस्त्यावर एकाएकी टायर फुटण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

नक्षीची खोली मोजण्याची सोय मात्र कोल्हापुराइतकी क्वचितच कुठे असेल, कारण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणारा कोणी ना कोणी नात्यात असतोच आणि त्याच्याकडे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, असतो. व्हर्नियरच्या मागून निघणारी बारीक पट्टी खाचेत टेकवून आतल्या कडेला, मधोमध आणि बाहेरच्या कडेला मोजावे. कंपासपेटीतील पट्टी वापरू नये. तिचा शून्य टोकापासून थोडा आत असतो आणि तेवढ्याने माप चुकते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. मोटारीसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, आणि त्या उंचीचे उंचवटे खाचांत जागोजागी असतात; त्यांची जागा कडेवरील छोट्या त्रिकोणाने दाखवलेली असते. नक्षी त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. तथापि गगनबावड्याच्या पावसात करूळ घाटाकडे जायचे असेल, तर तीन मिलिमीटर उरल्यावरच टायर बदलावा, कारण उथळ खाचांतून पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक रस्त्याऐवजी पाण्यावर तरंगू लागते.

तिन्ही ठिकाणची मापे वेगळी आली तर गाडीही तपासावी. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी, एकाच कडेला झीज म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलेले. हाताला उंच-सखल लागत असेल तर शॉकअॅब्सॉर्बर पाहावेत. कारण दूर न करता नवे टायर बसवल्यास तेही तसेच झिजतील.

पंक्चर नक्षीच्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचे असेल तरच दुरुस्ती भरवशाची असते. भिंतीला भोक पडले असेल तर दोरा भरून घाट उतरू नये.

चार टायर तपासून झाले की डिकी उघडावी. स्टेपनी कधीच रस्त्यावर आलेली नसल्यामुळे नवीकोरी दिसते, पण तिच्यावरील आकडे अनेकदा गाडीइतकेच जुने असतात. वय झालेली स्टेपनी फक्त जवळच्या टायरवाल्यापर्यंत सावकाश जाण्यासाठी वापरावी. दोनच नवे टायर घ्यायचे ठरले तर ते मागच्या चाकांना बसवावेत, गाडीला ओढ पुढच्या चाकांची असली तरीही. ओल्या वळणावर मागची चाके घसरली तर गाडी फिरते आणि ती सावरणे सराईत चालकालाही कठीण जाते.